वाकड्या धुरांड्याची बोट

आमच्या सह्याद्री मित्रमंडळाला सत्काराचं व्यसन आहे. सिंगापूरला येऊन मला चार वर्षं झाली, पण कुणाला शाल न पांघरता कार्यक्रम पार पडला असं एकदाही पाहिलं नाही. कुणी मराठी सिनेमात दारामागं उभा राहिलेला असो, कुणी मंत्र्याच्या मेहुण्याचा व्याही असो, चांगी विमानतळावर उतरला की आमचे अध्यक्ष दीनानाथ त्याला गाठणारच. शाल, नारळ, बुके आणि वरून पुणेरी पगडी. पगड्यांचा साठा त्यांच्या कॉन्डोतल्या बॉम्ब शेल्टरमध्ये असतो. इथं नव्या घरांना बॉम्बपासून वाचायला जाड भिंतींची एक खोली देतात आणि झाडून सगळे तिची अडगळीची खोली करतात.

दोन हजार पाचच्या सप्टेंबरात महायुद्ध संपल्याला साठ वर्षं झाली. गावभर म्हातारे गोरे सैनिक छातीवर पदकं लावून हिंडत होते. त्यातला एक नेमका दीनानाथांच्या बँकेतल्या साहेबाचा बाप निघाला. लेफ्टनंट विंडल, वय ब्याऐंशी, ब्रिटिश नौदलाच्या विमानाचा वैमानिक. विमानवाहू बोटीवरून उडायचं, शत्रूच्या जहाजाजवळ पाण्याला टेकेल इतकं खाली जायचं आणि टॉर्पेडो सोडून निघायचं, हे त्याचं काम. त्याबद्दल शौर्यपदक मिळालेलं. साहेबाचा बाप आणि वर पदक, म्हटल्यावर दीनानाथांना झोप कुठली लागणार. आठवड्याच्या आत हॉल बुक झाला, बॅनर छापून आला. बॅनरवर जे विमान होतं ते आत्ताचं, जेट. इंटरनेटवर जे सुंदर दिसलं ते उचललं, आणि कार्यकारिणीतल्या अकरा इंजिनियरांपैकी एकालाही त्यात काही खटकलं नाही.

मग दीनानाथांचा मला फोन आला. चार वर्षांत त्यांचा फोन दर वेळी एकाच कामासाठी यायचा: जेवणाच्या वेळी सुगत प्लेट्स वाटायला येईल का. सुगत माझा नवरा, बंदराच्या क्रेनचा इंजिनियर, आणि कुणाला नाही म्हणणं त्याच्या रक्तातच नाही. या वेळी मात्र आवाजात साखर होती.

"अंजलीताई, तुमच्या सासऱ्यांचे वडील सेकंड वर्ल्ड वॉरमध्ये होते ना?"

"हो. इथंच कैद झाले होते."

"वा. म्हणजे सैनिकाचा मुलगा. आणि आपल्या आई-बाबा मंडळींत वयानंही ज्येष्ठ. आपण असं करू, विंडलसाहेबांना शाल आणि पगडी त्यांच्या हस्ते. फार टचिंग होईल. पेपरात फोटो पाठवतोय मी. आणि स्टेजवर भाषांतर तुम्ही करा. तुमचं इंग्रजी फर्स्ट क्लास आहे, आणि मराठीसुद्धा किती शुद्ध आहे हो तुमचं."

हे शेवटचं वाक्य आम्हाला आयुष्यभर ऐकावं लागतं. आडनाव कळलं की लोकांना आमच्या शुद्ध मराठीचं जे कौतुक वाटायला लागतं, ते ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. शिवाय पेशवाईची पगडी, साहेबाचं डोकं आणि ती चढवायला आमच्या बाबांचे, म्हणजे सासऱ्यांचे हात. जवळजवळ दोनशे वर्षांचा गुंता या माणसानं एका स्टेजवर गोळा केला होता आणि त्याला पत्ताही नव्हता. मी नाही म्हणणार होते. पण बाबांना विचारलं, तर ते खुर्चीतून उठूनच उभे राहिले.

"त्या समुद्रात होता तो माणूस?" बाबा म्हणाले. "मग मी येतो. मला त्याला एक गोष्ट विचारायची आहे."

ती गोष्ट कोणती हे मला ठाऊक होतं. घरात आलेल्या प्रत्येक सुनेला ती पहिल्या महिन्यातच कळते.

बाबांचे, म्हणजे भीमरावांचे वडील कचरू. वाशीमजवळच्या खेड्यातले. आधीची तीन मुलं गेली म्हणून हे तरी जगावं यासाठी ठेवलेलं नाव. एकेचाळीस साली ते फौजेत गेले तेव्हा बाबा रांगत होते. सिंगापूर पडलं, कचरू जपान्यांच्या कैदेत गेले आणि सरकारनं घरी कळवलं, बेपत्ता. युद्ध संपल्यावर शेजारच्या गावचा एक सोबती परत आला. तो कैदेत असताना बंदरावर हमाली करायचा. त्यानं कचरूंना इतर कैद्यांबरोबर एका बोटीत चढताना पाहिलं होतं. बोटीचं नाव त्याला वाचता आलं नाही. पण तिचं धुरांडं क्रेन आदळून एका अंगाला कललेलं होतं. एवढं त्यानं पाहिलं, आणि तेवढंच कमलाबाईंना, म्हणजे बाबांच्या आईला येऊन सांगितलं.

कमलाबाईंनी ते शब्द धरून ठेवले. कुणीही विचारलं की म्हणायच्या, वाकड्या धुरांड्याच्या बोटीनं गेला, येईन तो. छप्पन साली सगळ्या वस्तीबरोबर त्यांनी बौद्ध दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले, पण कपाळावरचं कुंकू पुसलं नाही. लोक टोकायचे. त्या म्हणायच्या, देव सोडले, नवरा कुठं सोडला? मरेपर्यंत त्यांनी हिरव्या बांगड्या भरल्या आणि मुलाला बापाचं जलदान करू दिलं नाही. आमच्यात माणूस गेल्यावर जलदानाचा विधी असतो, भिक्खू येतात, गेलेल्याच्या नावानं पाणी सोडतात, आणि पुढं दर वर्षी त्या तारखेला वंदना होते. बाबांनी हजारो मुलांना शाळेत शिकवलं, हेडमास्तर म्हणून रिटायर झाले, गावातल्या निम्म्या लोकांच्या पुण्यानुमोदनाला उभे राहिले. फक्त स्वतःच्या बापासाठी त्यांना कधी पाणी सोडता आलं नाही. आई गेल्यावर अडवणारं कुणी नव्हतं, पण करायचं कोणत्या तारखेला, आणि माणूस गेला असं म्हणायचं कशावरून?

या खेपेला आम्ही त्यांना क्रांजीच्या युद्धस्मारकावर नेलं. भिंतीवर नाव आहे, कचरू. बाबांनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "तारीख नाही." आता पुढच्या आठवड्यात त्यांचा इथं राहायचा पास संपत होता आणि ते परत जाणार होते. त्या समुद्रावर उडालेला माणूस पुन्हा त्यांना कुठं भेटणार होता?

शनिवारी दुपारी विंडलना आणायला दीनानाथांनी मलाच पाठवलं, म्हणजे त्यांच्या उच्चारांची मला सवय होईल. साहेब स्वतः गोल्फला गेला होता. बापाच्या सत्काराचं त्याला केवढं अप्रूप होतं, ते यावरून कळलं. म्हातारा उंच, गुलाबी, कानानं जरा कमी आणि बोलायला भारी उत्सुक. टॅक्सी समुद्राकाठच्या हमरस्त्याला लागली. तिथं नांगर टाकून उभी असलेली जहाजं दिसतात. ती पाहिल्यावर त्यानं एक डोळा मिटून अंगठा काचेपुढं धरला आणि मला नेम कसा धरायचा ते शिकवायला लागला.

शूर होता, ते मी नाकारत नाही. अकरा मे एकोणीसशे चव्वेचाळीस, सुमात्राच्या किनाऱ्याजवळ, सकाळची वेळ. बरोबरची दोन विमानं त्याच्या डोळ्यांदेखत पाण्यात गेली. मागच्या सीटवरचा सोबती रक्तबंबाळ झाला होता. एकवीस वर्षांचं पोरगं समोरून तोफा उडत असताना सरळ रेषेत उडत राहिलं आणि टॉर्पेडो सोडूनच वळलं. माझ्यानं झालं नसतं.

"आणि जहाज कसलं होतं म्हणता," विंडल हसून म्हणाला. "जुनं खटारं. धुरांडं सुद्धा सरळ नव्हतं. बहिरा माणूस कान पुढं करतो ना, तसं एका बाजूला वाकलेलं. आमच्या मेसमध्ये त्याचं चित्र काढून लावलं होतं."

मी विचारलं, "वाकलेलं म्हणजे? तोफ लागून?"

"छे, छे. आधीपासून. मी पाहिलं तेव्हाच वाकडं होतं." मग त्यानं खिशातून पेपरमिंट काढून मला एक दिलं. "दोन महिन्यांनी गुप्तचरवाल्यांनी कळवलं, आत हिंदी कैदी भरलेले होते. तुमचेच लोक. फार वाईट नशीब. मला तसं आधीच वाटलं होतं म्हणा. टॉर्पेडो लागल्यावर मी एक घिरटी घेतली. पाण्यात डोकीच डोकी. ते हात हलवत होते."

"मग?"

"मग काय, आम्हीही हात हलवला. दुसरं काय करणार?"

असं म्हणून त्यानं टॅक्सीत, माझ्या शेजारी बसून, तो हात हलवून दाखवला. स्टेशनावर पाहुण्याला निरोप देताना हलवतात तसा. मी पेपरमिंट मुठीत धरून बसले होते. ते वितळून हाताला चिकटलं तरी मला कळलं नाही.

हॉलवर पोचलो तर दारात दीनानाथ पगडीचा डबा घेऊन उभे. विंडलला कार्यकारिणीच्या ताब्यात देऊन मी त्यांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. धुरांडं, कैदी, तारीख, बाबांचे वडील. हातांचं तेवढं सांगितलं नाही. माझ्या तोंडातून ते बाहेर येईना.

दीनानाथांनी ऐकून घेतलं आणि डब्याचं झाकण नीट बसवलं.

"ताई, मला फील होतंय तुमचं. पण धुरांड्यावरून आपण काय सिद्ध करणार? आणि युद्ध होतं ते. त्यांनी काय मुद्दाम केलं?"

"मुद्दाम केलं असं मी म्हणतच नाही. बाबांच्या हातून पगडी घालायला लावू नका, एवढंच म्हणतेय. आधी त्यांना कळू द्या, मग त्यांना काय करायचं ते करतील."

"प्रेस नोट गेलीय हो. 'सैनिकपुत्राच्या हस्ते सत्कार.' आणि माझ्या साहेबांचे फादर आहेत ते. कार्यक्रमाचा बेरंग करायचा का आपण? घरी गेल्यावर शांतपणे सांगा ना बाबांना. आणि भाषणात तसं काही आलंच, तर तेवढं गाळा. भाषांतरात कुणाला कळतंय?"

या माणसाबद्दल मला आधी नुसता कंटाळा होता. त्या क्षणी त्याची शिसारी आली. एका माणसाच्या बापाचं मरण त्याला भाषांतरात गाळायचं होतं, का, तर सोमवारी साहेबानं पाठीवर थाप मारावी. मी सुगतकडं गेले. तो खुर्च्यांच्या रांगा लावत होता. त्याला सगळं सांगितलं. जो बुडाला तो त्याचा आजोबा. आणि तरी तो म्हणाला, "आत्ता नको गं. एवढे लोक आहेत. घरी सांगू." त्यानं हातातली खुर्ची उघडली, मिटली आणि पुन्हा उघडली.

मी बाबांना शोधत स्टेजच्या मागं गेले. ते नव्या जाकिटात ताठ बसले होते आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होते. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"बरं झालं आलीस. मी त्यांना इंग्रजीतच विचारणार आहे. सकाळपासून पाठ करतोय. सर, डिड यू एव्हर सी वन शिप विथ अ बेंट चिमनी? बरोबर आहे ना? चिमनीच म्हणतात की आणखी काही?"

पासष्ट वर्षांचा हेडमास्तर माझ्यासमोर परीक्षेला बसलेल्या पोरासारखा उत्तराची वाट पाहत होता.

"फनेल," मी म्हणाले. "फनेल म्हणतात, बाबा."

"फनेल," ते म्हणाले. "बेंट फनेल." आणि मी पुढं बोलणार तेवढ्यात माइकवरून त्यांचं नाव पुकारलं गेलं, कुणीतरी त्यांच्या कोपराला धरलं आणि ते स्टेजवर गेले.

त्यानंतरचा अर्धा तास मी माइकपाशी उभी राहून काढला. दीपप्रज्वलन झालं, तेही बॅटरीच्या समईवर, कारण हॉलमध्ये ज्योत पेटवायला बंदी. परिचय झाला. परिचय वाचणाऱ्यानं विंडलच्या पदकाला परमवीर चक्राच्या तोडीचं म्हटलं, त्याला नौदलाचा वाघ म्हटलं, आणि अशा वीरांमुळंच आज आपण सिंगापुरात सुखानं नांदत आहोत असंही म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला आमच्या लोकांना कारण लागत नाही. मग बाबांनी विंडलला शाल पांघरली, नारळ दिला आणि दोन्ही हातांनी पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. पगडी मोठी होती, कानांवर घसरली. बाबांनी ती हलक्या हातानं सरळ केली. कॅमेऱ्यांचे फ्लॅश उडाले. मी जमिनीकडं पाहत होते.

विंडल भाषणाला उठला. माणूस सवयीचा वक्ता होता. अकरा मे, सकाळ, तोफा, पडलेली दोन विमानं, जखमी सोबती. मी वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत गेले. जहाजापाशी आल्यावर तो फक्त 'शत्रूचं मालवाहू जहाज' म्हणाला आणि पुढं सरकला. धुरांडं नाही, कैदी नाहीत, पाण्यातली डोकी नाहीत. मला काही गाळावंच लागलं नाही. दीनानाथांच्याही आधी त्यानं स्वतःच गाळून ठेवलं होतं, साठ वर्षांपासून.

टाळ्या संपल्या आणि बाबा उठले. कार्यक्रमपत्रिकेत प्रश्न नव्हता, त्यामुळं दीनानाथ अर्धवट उभे राहिले. पण बाबांनी विंडलच्या समोर जाऊन हात जोडले होते.

"सर," बाबा इंग्रजीत म्हणाले, एकेक शब्द वेगळा करून, "डिड यू एव्हर सी वन शिप, विथ अ बेंट फनेल? माय फादर वॉज ऑन दॅट शिप. प्रिझनर."

विंडलला पहिल्याच खेपेला ऐकू गेलं. त्यानं बाबांकडं पाहिलं, मग मान वळवून माझ्याकडं पाहिलं. त्याच्या डोक्यावर ती पगडी होती, अंगावर शाल. दोन तासांपूर्वी मला पेपरमिंट देऊन सांगितलेली गोष्ट त्याला आठवत होती, आणि ती मलाही आठवते आहे हे त्याला दिसत होतं. तोफांच्या तोंडात सरळ उडत गेलेला माणूस. त्याला फक्त 'हो' म्हणायचं होतं.

"नाही," तो म्हणाला. "सांगता येत नाही. खूप जहाजं होती तेव्हा, मित्रा. माफ करा."

बाबांनी मान डोलावली. आयुष्यभर त्यांनी हेच उत्तर ऐकलं होतं, आणखी एकदा ऐकलं. ते थँक्यू सर म्हणाले आणि आपल्या खुर्चीकडं वळले. दीनानाथांनी सुटकेचा श्वास टाकला आणि मला हातानं खूण केली, चला, पुढं चला.

माझं काम भाषांतराचं होतं. मी ते केलं.

"बाबांनी विचारलं," मी माइकवर मराठीत म्हणाले, "की माझे वडील ज्या वाकड्या धुरांड्याच्या बोटीवर कैदी होते ती तुम्ही कधी पाहिली का. साहेब म्हणाले, नाही. आता दुपारी टॅक्सीत साहेब मला जे म्हणाले, त्याचंही भाषांतर करते. साहेब म्हणाले, आपण अकरा मेला जे जहाज बुडवलं त्याचं धुरांडं आधीपासून एका बाजूला वाकलेलं होतं. साहेब म्हणाले, त्यात हिंदी कैदी होते. पाण्यात त्यांची डोकी साहेबांनी स्वतः पाहिली."

माइक बंद झाला. दीनानाथांनी वायरच उपटली होती. काही गरज नव्हती. मी काम करते त्या लॅबमध्ये माझा आवाज दोन मजले ऐकू जातो.

"आणि हे सगळं," मी म्हणाले, "आपल्या अध्यक्षांना कार्यक्रमाच्या आधीपासून माहीत आहे. मीच सांगितलं. त्यांनी मला गाळायला सांगितलं."

पहिल्या रांगेतल्या आयांनी पदर तोंडाला लावले. त्यांच्या मुलांनी खाली मोबाइलकडं पाहायला सुरुवात केली, जसं काही स्टेजवर कुणी नव्हतंच. विंडलला शब्द कळत नव्हते, पण काय चाललंय ते कळत होतं. त्याचा गुलाबी रंग उतरला होता.

बाबा पाठमोरे होते. ते वळले. मला वाटलं, ते कोसळतील, की ओरडतील. त्यांनी फक्त विचारलं.

"भाषणात त्यांनी अकरा मेच म्हटलं ना?"

"हो, बाबा."

"चव्वेचाळीस?"

"हो."

"सकाळी."

"सकाळी."

ते मग विंडलपाशी गेले, त्याच्या डोक्यावरची पगडी दोन्ही हातांनी उचलली, जशी ठेवली होती तशीच, जपून. तो आपोआप मान खाली घालून बसला. बाबांनी पगडी नेऊन दीनानाथांच्या हातात दिली.

"ही तुमची वस्तू," बाबा म्हणाले. "सांभाळा. शाल राहू द्या त्यांच्या अंगावर. एसी फार आहे."

एवढं झाल्यावर कुठल्याही शहाण्या लोकांचा कार्यक्रम संपला असता. आमचा संपला नाही. चिटणीस उठले, वायर पुन्हा जोडली गेली आणि आभारप्रदर्शन झालं. हॉलचे, बॅनरवाल्याचे, बटाटेवडे करून आणणाऱ्या वहिनींचे, सगळ्यांचे आभार मानले गेले. विंडलसाहेबांनी वेळात वेळ काढून आल्याबद्दल त्यांचे विशेष. मग लोक वड्यांकडं वळले, कारण वडे थंड होत होते. दोन-तीन जण माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, 'बरं केलंत.' मोठ्यानं म्हणायची एकाचीही छाती झाली नाही.

सुगतनं त्या दिवशी प्लेट्स वाटल्या नाहीत. तो बापाच्या शेजारी येऊन उभा राहिला, एवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. आम्ही तिघं खाली पोर्चमध्ये आलो. थोड्या वेळानं कार्यकारिणी विंडलला घेऊन आली. टॅक्सी बोलावलेली होती. तो आमच्यासमोर येऊन थांबला. शाल त्यानं घडी करून हातावर घेतली होती.

"यांना सांगा," तो मला म्हणाला, "आत कोण आहे हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर कळलं."

मी सांगितलं. बाबा म्हणाले, "ते मला समजतं. लढाई होती. मग मघाशी 'नाही' असं का म्हणाले, ते विचार."

मी विचारलं.

विंडलनं खांदे उडवले. "इतका छान समारंभ होता. त्याचा विचका करणं बरं वाटलं नाही."

दीनानाथ आणि हा, एकानं पुण्यात आणि दुसऱ्यानं इंग्लंडात जन्म घेऊन तेच बोलले. मी बाबांना ते जसंच्या तसं सांगितलं. बाबांनी त्याच्या कोटावरच्या पदकाकडं थोडा वेळ पाहिलं, चांदीचा छोटा क्रूस, निळीपांढरी फीत.

"हे कशाचं आहे म्हणालीस?"

"शौर्याचं."

"हं," बाबा म्हणाले. त्यात राग नव्हता. वर्गात एखाद्यानं कॉपी करून मार्क मिळवलेले लक्षात आले की मास्तर जसं हं म्हणतात, तेवढंच होतं ते. मग ते बाजूला झाले आणि विंडलला टॅक्सीकडं जायला वाट दिली.

बाबा एरवी पुस्तकातलं मराठी बोलतात. मनातलं बोलायचं झालं की वाशीमचं येतं.

"अकरा मे," ते सुगतला म्हणाले. "मायीच्या फोटोपाशी आता बाबाचं जलदान करता येईन. तिले सांगीन मी. बोट गेली म्हणून सांगीन. वाट नको पाहू म्हणीन." सुगतनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तोंड फिरवलं.

माझ्या पोटात अजून एक गोष्ट होती. दीनानाथांनी गाळायला सांगितलं म्हणून भर हॉलमध्ये त्यांची अब्रू काढली मी, आणि हातांचं मात्र मीच गाळलं होतं. जेव्हा वायर उपटली गेली तेव्हा ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. मला ते म्हणता आलं नाही. आता बाबांच्या तोंडून वाट नको पाहू हे शब्द ऐकल्यावर तर ते कधीच म्हणता येणार नाही हे कळलं. पाण्यातून हात वर करून बाबांच्या वडिलांनी कुणाची तरी वाट पाहिली असेल. वरून विमान आलं, आपल्याच बाजूचं, आणि त्यातून हात हलवला गेला आणि ते निघून गेलं. हे मी कुठल्या भाषेत सांगू?

टॅक्सी सुरू झाली. पोर्चच्या पायऱ्यांवर अख्खी कार्यकारिणी ओळीनं उभी राहिली. दीनानाथ सर्वांत पुढं, पगडीचा डबा काखेत. गाडी आमच्यासमोरून जाऊ लागली तसा विंडलनं काच खाली केली आणि हात बाहेर काढून हलवला. दुपारी मला दाखवला होता, अगदी तसाच. सगळ्या कार्यकारिणीनं हात हलवले.

बाबा भला माणूस. गावात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला त्यांनी एसटी स्टँडवर जाऊन निरोप दिलेला. कुणी हात हलवला आणि त्यांनी हलवला नाही, असं कधी झालेलं नाही. गाडीकडं पाहत त्यांचा उजवा हात सवयीनं वर जाऊ लागला.

मी तो मनगटापाशी धरला आणि खाली ओढला.

"काहून गं?" बाबांनी विचारलं.

गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत मी तो हात सोडला नाही.